‘लोकसहभाग’ ह्या शब्दातील कर्ता : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विकासव्यवहाराची चिकित्सा

१

नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांच्या आर्थिक उन्नतीविषयी गेल्या तीन दशकांत जे लेखन झाले, त्यात ‘लोकसहभाग’ ह्या शब्दाइतका मान दुसऱ्या क्वचितच एखाद्या शब्दाला मिळाला असेल. शासकीय अहवाल, सेवाभावी संस्थांची निवेदने आणि विद्यापीठीय प्रबंध ह्या तिन्ही ठिकाणी तो सारख्याच विश्वासाने वापरला जातो. जलसंधारणाचे काम असो, शाळेची इमारत असो किंवा तरुणांना कारागिरीचे शिक्षण देण्याची योजना असो, ती ‘लोकसहभागातून’ झाली असे म्हटले की तिच्याविषयी आणखी काही विचारण्याचे कारण उरत नाही, अशी समजूत रूढ झाली आहे. ह्या समजुतीची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आरंभी एका साध्या व्याकरणिक गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. हा शब्द ज्या वाक्यांत येतो, त्यांत तो बहुधा ‘लोकसहभागातून’, ‘लोकसहभागाने’, ‘लोकांचा सहभाग मिळवून’ अशा रूपांत येतो. म्हणजे तो पंचमीत असतो, तृतीयेत असतो किंवा पूर्वकालवाचक धातुसाधिताचे कर्म असतो. प्रथमेत तो क्वचितच आढळतो. वाक्याचा कर्ता शासन असतो, संस्था असते, कंपनी असते. अनेकदा कर्मणी प्रयोगामुळे कर्ता मुळातच लुप्त झालेला असतो. ‘लोक’ हे त्या क्रियेचे साधन ठरतात किंवा तिचे उगमस्थान. करणारे मात्र ठरत नाहीत. ‘लाभार्थी’ हा जोडशब्दही ह्याच कुळातला. ‘अर्थी’ म्हणजे इच्छा धरणारा, याचना करणारा. ज्याच्या घामाने काम उभे राहते त्याला लाभाचा याचक म्हणणारी भाषा, आणि त्याच कामाला त्याचा ‘सहभाग’ म्हणणारी भाषा, ह्या दोन्ही एकाच लेखणीतून उतरतात, ही गोष्ट विचारार्ह आहे.

ह्यावर एक आक्षेप सहज घेता येईल. वाक्यातील विभक्ती आणि समाजातील सत्ता ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. कार्यालयीन मराठीचा एकंदर कलच कर्मणी प्रयोगाकडे आहे, तेव्हा तेवढ्यावरून व्यवहाराविषयी अनुमान काढणे धाडसाचे होईल. हा आक्षेप योग्य आहे. व्याकरण हा पुरावा नव्हे, ती केवळ एक सूचना होय. सूचना खरी की खोटी हे व्यवहार तपासूनच ठरवावे लागेल. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत : काय करावयाचे हे कोणी ठरविले? झालेल्या कामाची व खर्चाची पारख कोणी केली? आणि काम संपल्यावर त्यातून आलेले कौशल्य कोणापाशी राहिले? ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांत स्थानिक माणूस कर्ता म्हणून दिसत असेल, तरच ‘सहभाग’ हा शब्द सार्थ मानता येईल.

२

सहकार्याची कल्पना मराठवाड्याला बाहेरून आणावी लागली असे नाही. शेतकऱ्यांनी बैलांची व माणसांची आळीपाळीने देवघेव करण्याला ‘सावड’ असे नाव होते, आणि मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशातही तो शब्द नोंदलेला आहे. नांगरटीसाठी गावाने एकाच्या शेतात एकत्र यावे आणि त्याने सर्वांना जेवण घालावे, ही ‘इर्जिक’ होय. ‘वारंगुळा’ हाही त्याच अर्थक्षेत्रातला शब्द. व्यापारात ‘पत्ती’ आहे, जमिनीच्या कसवणुकीत ‘बटई’ आणि ‘अर्धेली’ आहे. ह्या साऱ्या शब्दांचा एक समान विशेष असा, की त्या प्रत्येकात कोण कोणाचा भागी, कशाच्या मोबदल्यात आणि किती, हे शब्द उच्चारताच कळते. सावडीत आज घेतलेला दिवस उद्या फेडावयाचा असतो. अर्धेलीत वाटा निम्मा हे नावातच सांगितलेले असते. ‘सहभाग’ ह्या शब्दात मात्र ‘भाग’ असूनही त्याचे माप नाही. कोणाचा किती, हे विचारण्याची सोय त्यात उरलेली नाही.

जुन्या शब्दांचा हा गुण मान्य करताना त्यांचा गौरव अवाजवी होऊ नये ह्याचीही काळजी घेतली पाहिजे. सावड ही ज्याच्यापाशी बैल होते त्यांच्यातली देवघेव होती. भूमिहीनाला तीत स्थान नव्हते. बलुत्याने सेवा बांधून घेतली, आणि अस्पृश्य ठरविलेल्या जातींच्या वाट्याला त्यातून जे आले त्याला भागीदारी म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग ठरेल. ‘सालगडी’ हा शब्द वर्षाचा करार सांगतो, परंतु त्या कराराच्या अटी कोण घालतो हे सांगत नाही. कंधार, लोहा, मुखेड ह्या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या संबंधात तर भाषेने आणखी एक पाऊल टाकले आहे. तोडीला जाणारे नवराबायकोचे जोडपे तेथे ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’ ठरतो. उचल कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याचा होतो. माणसाच्या जागी हत्यार बसते, आणि बाईचे श्रम त्या एका शब्दात असे मिसळून जातात, की तिच्या मजुरीचा वेगळा आकडा काढावयाचा म्हटले तरी तो निघत नाही.

तेव्हा जुने शब्द चांगले व नवे वाईट असा हा वाद नाही. जुने शब्द अन्यायाचेही माप देतात, म्हणून त्यांच्याशी भांडता येते. नवा शब्द माप देत नाही, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही. ह्या भेदाच्या प्रकाशात दोन्ही जिल्ह्यांतील काही प्रत्यक्ष उदाहरणे पाहू.

३

पहिले उदाहरण शिक्षणसंस्थांचे. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली त्याच तत्त्वावर निघाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. मराठवाडा विद्यापीठ स्थापन होण्यास अद्याप आठ वर्षांचा अवकाश होता. लातूरला १९६१ साली दयानंद महाविद्यालय आणि १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. ह्या संस्थांच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. काय करावयाचे हे येथल्या माणसांनी ठरविले. मुक्तिसंग्रामातून आलेले कार्यकर्ते, वकील, शिक्षक आणि व्यापारी हे त्या वाक्याचे कर्ते होते. ‘लोकवर्गणी’ हा त्या काळचा शब्दही ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे : वर्गणीची पावती असते, पावतीवर आकडा असतो आणि आकडा देणाऱ्याला विचारण्याचा अधिकार असतो.

परंतु ह्या संस्थांतून निघालेल्या तरुणांना काम कोठे मिळावे, हा प्रश्न त्या वर्गणीने सुटला नाही. १९७४ सालच्या मराठवाडा विकास आंदोलनात नोकऱ्यांचा प्रश्न अग्रभागी होता तो ह्यामुळेच. पुढे १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९८४ साली तिचा अहवाल आला आणि ‘अनुशेष’ हा हिशेबातला शब्द राजकारणात स्थिर झाला. त्या शब्दाने मराठवाड्याच्या मागणीला आकडा दिला, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. मात्र अनुशेष हा ‘भरून काढावयाचा’ असतो, आणि भरून काढणारा नेहमी दुसरा असतो. मागणी करणारा प्रदेश व्याकरणात पुन्हा कर्मस्थानी गेला, तो असा.

१९८० नंतरच्या काळात ‘लातूर पॅटर्न’ उदयास आला. राजर्षी शाहू महाविद्यालयाने जादा तास, वारंवार चाचण्या आणि शिक्षकांची सतत देखरेख ह्यांच्या बळावर बारावीच्या परीक्षेत जे यश मिळविले, त्याने साऱ्या राज्याचे लक्ष वेधले. ह्या महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे हेच १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, ही गोष्ट दोन्ही शहरांच्या शैक्षणिक नात्याची साक्ष देते. लहान गावातल्या, शिक्षणाची परंपरा नसलेल्या घरांतील मुले वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत पोहोचली, हे ह्या पॅटर्नचे यश कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या घरात पहिला डॉक्टर झाला, त्या घराला त्याचे मोल ठाऊक आहे.

तरीही चिकित्सेला येथे दोन गोष्टी नोंदवाव्या लागतील. एक म्हणजे ‘पॅटर्न’ हा शब्द. पॅटर्न म्हणजे नक्कल करण्याजोगा नमुना. ज्याची नक्कल झाली ते वेळापत्रक होते, चाचण्यांची पद्धती होती. गावातल्या माणसांनी संस्था उभी करून तिची जबाबदारी स्वीकारणे, ह्या मूळ कृतीची नक्कल झाली नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ह्या यशाने लातूर शहरात वसतिगृहे, खाणावळी, शिकवण्या आणि पुस्तकांची दुकाने ह्यांची एक अर्थव्यवस्था उभी राहिली, आणि ती खरी आहे. परंतु तिचे जे मुख्य उत्पादन, म्हणजे शिकलेला तरुण, ते येथून बाहेर जाण्यासाठीच तयार होते. तिसऱ्या प्रश्नाचे, कौशल्य कोणापाशी राहिले ह्याचे, उत्तर म्हणून येथे अन्य शहरांची नावे सांगावी लागतात. ज्या आडतबाजाराच्या आणि डाळमिलांच्या जोरावर लातूरचे नाव व्यापारात झाले, त्यांतल्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचे शिक्षण मात्र पॅटर्नच्या कक्षेबाहेरच राहिले.

नांदेडचा अनुभव उलट दिशेने हीच गोष्ट सांगतो. निजामी राजवटीत तेथे उभी राहिलेली उस्मानशाही मिल ही पिढ्यान्‌पिढ्यांची कार्यशाळाच होती. गिरणीत काम शिकविणारी शाळा वेगळी नसते. नवखा ‘बदली’ म्हणून येतो, जुन्या कामगाराच्या शेजारी उभा राहून साचा चालवावयास शिकतो आणि कालांतराने तोच दुसऱ्याला शिकवितो. मिलचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे ती बंद पडली. यंत्रांची मोजदाद झाली, जमिनीची झाली. कामगारांच्या हातात असलेल्या ज्ञानाची मोजदाद करण्याची रीत कोणत्याही खात्यापाशी नव्हती.

४

दुसरे उदाहरण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतरचे आहे, आणि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने ते सर्वांत बोलके आहे. त्या आपत्तीत सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ साली सुरू झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमाचे दोन निराळे मार्ग होते. अतिशय हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे घरे मुख्यतः ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी बांधून दिली. ज्या असंख्य गावांत घरे खचली परंतु उभी राहिली, तेथे घरमालकाला साहाय्य देऊन त्याच्याच देखरेखीखाली दुरुस्ती व मजबुतीकरण करून घेण्याचे ठरले.

आपत्ती एक, शासन एक, निधी एक. मार्ग मात्र दोन. एखाद्या प्रयोगशाळेत जमणार नाही अशी ही तुलना इतिहासाने समोर ठेवली आहे. पुनर्वसित गावांत रुंद रस्ते आले, सरळ रेषेत घरे आली. पण वाड्याचे अंगण, जनावरांची जागा, भाऊबंदांची शेजारघरे ह्यांचा विचार त्या आखणीत पुरेसा नव्हता. घर मिळाले, परंतु घर बांधण्याचे कौशल्य ठेकेदाराबरोबर निघून गेले.

मजबुतीकरणाच्या मार्गावर वेगळे घडले. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवदाचा भार, ही ह्या भागातील घरांची रचना. भूकंपात भिंतीचे आतले व बाहेरचे असे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आले. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कोठे बसवावा, कोपरे कसे सांधावे, पट्टा कोणत्या उंचीवर घ्यावा, हे गावच्या गवंड्याला शिकावे लागले आणि घरमालकाला समजून घ्यावे लागले. ह्या कामी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेच्या मार्फत हजाराहून अधिक गावांत ‘संवाद सहायक’ म्हणून गावातल्याच स्त्रिया पुढे आल्या. घरोघर माहिती पोचविणे, ग्रामसभेत हप्त्यांचा व साहित्याचा विषय काढणे, अभियंत्याचे म्हणणे घरच्या भाषेत सांगणे आणि घरच्यांचे म्हणणे अभियंत्याला सांगणे, हे त्यांचे काम होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे अंशतःच समाधानकारक आहे, कारण योजना वरूनच आली होती. दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे मात्र स्पष्ट आहेत. भिंत नीट झाली की नाही, हे त्या भिंतीआड झोपणारी बाई तपासू लागली. आणि जे शिकले गेले ते गावात राहिले. इतके, की २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत भूकंप झाला तेव्हा ह्या भागातल्या स्त्रिया आपला अनुभव सांगण्यासाठी कच्छात गेल्या. ज्यांना आठ वर्षांपूर्वी आपद्‌ग्रस्त म्हटले जात होते, त्या आता शिकविणाऱ्या झाल्या होत्या. वाक्यातील विभक्ती बदलली होती.

अर्थात् ह्याही यशाला मर्यादा आहे. प्रकल्पाची मुदत १९९८ साली संपली आणि त्याबरोबर ते पदही संपले. बांधकामाची पारख करणारी स्त्री ही आपत्तीपुरती गरज मानली गेली; ग्रामपंचायतीच्या नित्याच्या बांधकामावर तिची नजर असावी, हा धडा शासनव्यवहाराने घेतला नाही. त्या स्त्रियांच्या गटांनी पुढे बचत व उद्योग ह्यांचे काम चालू ठेवले, ते स्वतःच्या आणि संस्थेच्या बळावर.

५

तिसरे उदाहरण औद्योगिक प्रशिक्षणाचे. २००७-०८ साली केंद्र शासनाने देशातील १,३९६ शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी शासन व खाजगी उद्योग ह्यांच्या भागीदारीची योजना आखली. प्रत्येक संस्थेस अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज आणि कारभारासाठी व्यवस्थापन समिती, असे तिचे स्वरूप होते. समितीचा अध्यक्ष उद्योगाचा, चार सदस्य स्थानिक उद्योगांचे. शासनाने नेमलेल्या सदस्यांत प्राचार्य, शिक्षक व विद्यार्थी ह्यांचाही प्रतिनिधी. भागीदारीची रचना कागदावर एवढी स्पष्ट असणे हे स्वागतार्हच होते. परंतु तीत एक जागा रिकामी होती. गवंडी, सुतार, जोडारी, तारतंत्री ही कामे आयुष्यभर केलेल्या कुशल कामगाराला स्वतःच्या अधिकाराने बसता येईल अशी खुर्ची मूळ रचनेत नव्हती. शिवाय जेथे मोठे उद्योगच थोडे, तेथे ‘स्थानिक उद्योग’ म्हणून कोणाला बोलवावयाचे हाही प्रश्न होता. पुणे किंवा पिंपरी डोळ्यांपुढे ठेवून आखलेली भागीदारी उदगीर, किनवट वा देगलूर येथे तशीच लागू पडेल असे मानणे हा योजनेचा मूळ दोष होय.

लातूरजवळ मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली. २०२३ साली शयनयान असलेल्या वंदे भारत गाड्यांच्या निर्मितीचे कंत्राट एका भारत-रशिया संयुक्त कंपनीला मिळाले आणि त्यासाठी हा कारखाना निश्चित झाला. ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच शहराजवळ रेल्वेचे डबे तयार होणार ही घटना ऐतिहासिक महत्त्वाची आहे. अशा कारखान्यात स्थानिकांना काम मिळावे ही मागणी स्वाभाविक आहे. मात्र ‘स्थानिकांना काम मिळावे’ ह्या वाक्यात स्थानिक चतुर्थीत आहेत. वेल्डिंगचे, विद्युत्‌ जोडणीचे, मापनाचे काम कोणत्या दर्जाचे लागणार हे आधी समजून घेऊन परिसरातील प्रशिक्षण संस्था, अभियांत्रिकी महाविद्यालये, ग्रामपंचायती आणि कामगार ह्यांनी त्याची तयारी एकत्र ठरविली, तर ते कर्तृपदी येतील. एरवी पहारा, झाडलोट आणि मालाची चढउतार एवढेच त्यांच्या वाट्याला येण्याचा धोका आहे.

ह्या तयारीत भाषेचा वाटा किती, ह्याकडे कौशल्यविषयक चर्चेत सहसा दुर्लक्ष होते. गावचा गवंडी ओळंबा, थापी, गुनिया, सूत हे शब्द वापरतो. सुतारापाशी रंधा व पटाशी आहे. ह्यांतले काही संस्कृतातून आले, काही फारसी-उर्दूतून. निजामी मराठवाड्याच्या कारागिरीची सारी परंपरा त्यांत साठलेली आहे. प्रशिक्षणाच्या पुस्तकात हाच माणूस पोहोचला, की त्याला इंग्रजी संज्ञा किंवा तिच्यावरून कोशात घडविलेला संस्कृत प्रतिशब्द भेटतो. त्याचा स्वतःचा शब्द भेटत नाही. परिणामी ज्याला काम येते तो परीक्षेत अडाणी ठरतो. बिलोली-देगलूरच्या सीमाभागात, जेथे मराठीबरोबर तेलुगूचाही वावर आहे आणि कामासाठी तेलंगणात जाणे-येणे नेहमीचे आहे, तेथे ही अडचण दुहेरी होते. भूकंपानंतरच्या कार्यक्रमात संवाद सहायकाची गरज का भासली, ह्याचे उत्तरही येथेच आहे : अभियंत्याचे ज्ञान आणि गवंड्याचे ज्ञान ह्यांच्यामध्ये दुभाषी लागत होता.

६

ह्या विवेचनातून ‘लोकसहभाग’ हा शब्दच टाकून द्यावा असा निष्कर्ष काढावयाचा नाही. शब्द रूढ झाला आहे आणि त्याच्यामागची इच्छाही बहुधा प्रामाणिक आहे. अपेक्षा एवढीच, की तो शब्द वापरणाऱ्याने त्याचे माप द्यावे. महाराष्ट्राने ह्याची एक उत्तम वाट पूर्वीच दाखविली आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्या योजनेने आकार घेतला आणि १९७७ साली जिचा कायदा झाला, त्या रोजगार हमीचे तत्त्व ‘मागेल त्याला काम’ ह्या तीन शब्दांत सांगितले गेले. येथे मागणारा मजूर हाच पहिल्या क्रियापदाचा कर्ता आहे. त्याने मागितल्यावाचून पुढचे वाक्य सुरूच होत नाही. अंमलबजावणीत त्या योजनेचे दोष पुष्कळ निघाले, परंतु ते दोष दाखविण्याचा अधिकार मजुराला त्या तीन शब्दांनीच दिला.

विद्यापीठीय संशोधनाने ह्यापासून दोन कामे अंगावर घ्यावीत. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील विकासयोजनांवर जे प्रबंध लिहिले जातात, त्यांत लाभार्थ्यांची संख्या आणि खर्चाची रक्कम ह्यांच्या जोडीला प्रारंभी सांगितलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे गावोगाव जाऊन नोंदविली जावीत. आणि भाषाविभागांनी तालुकावार फिरून गवंडी, सुतार, जिनिंगचे कामगार, डाळमिलमधले मजूर, आडतीवरचे हमाल आणि तोलणारे ह्यांचा व्यवसायशब्दसंग्रह अर्थासह गोळा करून तो प्रशिक्षण संस्थांच्या हाती द्यावा. पहिल्या कामाने अहवालातील वाक्ये तपासली जातील. दुसऱ्याने, ज्याच्या हातात काम आहे त्याला ते काम स्वतःच्या शब्दांत सांगून परीक्षेला बसता येईल. उस्मानशाही मिलमध्ये जे शिकले गेले त्याची नोंद राहिली नाही. डाळमिलांच्या आणि माळवदे बांधणाऱ्या गवंड्यांच्या बाबतीत तेच पुन्हा घडू द्यावयाचे नसेल, तर ह्या कामाला अवधी फार उरलेला नाही.